आधी झाकण, मग टब

मे महिन्यात मंचेरियलमधल्या बहुतेक घरांना फुकटचा हॉट टब मिळालेला असतो: गच्चीवरची काळी टाकी. दुपारी दोनला नळ सोडला तर हात पोळतो. माणसं पहाटेच बादल्या भरून सावलीत ठेवतात, म्हणजे अंघोळीपर्यंत पाणी जरा तरी निवलेलं असेल. डिसेंबरात याच टाकीचं पाणी सकाळी सहाला अंगावर घेववत नाही. दिवसभर तिने ऊन खाल्लेलं असतं, पण कमावलेली सगळी ऊब रात्रीत उडवून ती मोकळी होते. घरी गरम पाण्याचा टब करायचं मनात असेल, तर आधी आठवडाभर या टाकीकडे बघा. पाणी कुणीही तापवतो. तापलेलं पाणी रात्रभर सांभाळणं हेच खरं काम, आणि सगळा खर्चही तिथेच ठरतो.

गेल्या दोन हिवाळ्यांत मला हा प्रश्न तीन वेगवेगळ्या घरांतून आला. दोन घरांत कोळसा खाणीत उमेदीची वर्षं घालवून निवृत्त झालेले गृहस्थ, गुडघे आणि कंबर दोन्ही कुरकुरणारे. तिसऱ्या घरी अमेरिकेतल्या मुलाकडे तीन महिने राहून आलेल्या मावशी. तिघांनी आधी टबांच्या किमती विचारल्या, नंतर हीटरचे वॅट. झाकणाचं नाव एकानेही काढलं नाही. दुकानातही टब पुढे मांडलेला असतो आणि झाकण मागे भिंतीला टेकवलेलं.

तसा हा प्रकार आपल्याला अगदीच परका नाही. पैनगंगेच्या काठी, किनवट तालुक्यातल्या उनकेश्वरला गरम पाण्याचे झरे आहेत. सांधेदुखी आणि कातडीच्या तक्रारी घेऊन आदिलाबादकडची माणसंही तिथे जातात. घरातल्या टबाची कथाही दुखण्यापासूनच सुरू होते. कॅलिफोर्नियात स्थायिक झालेलं जकूझी हे इटालियन कुटुंब आधी विमानांचे पंखे आणि मग शेतीच्या विहिरींचे पंप बनवायचं. त्यांच्यातल्या कँदिदो जकूझी यांच्या मुलाला लहानपणीच संधिवात जडला. दवाखान्यातले पाण्याचे उपचार घरी देता यावेत म्हणून त्यांनी न्हाणीच्या टबात सोडायचा पंप तयार केला. म्हणजे चैनीची म्हणून ओळखली जाणारी ही वस्तू मुळात विहिरीच्या पंपाची भाची. मंचेरियलच्या बाजारात पंप दुरुस्त करणारे कारागीर आहेत, तेव्हा निम्मं यंत्र त्यांच्या ओळखीचंच आहे.

आता हिशोब. दीड मीटर लांब, एक मीटर रुंद आणि ७० सेंटिमीटर पाणी असलेला टब धरा. दोन माणसं पाय मुडपून बसतील एवढा. पाणी साधारण १००० लिटर. डिसेंबरातलं २० अंशांचं पाणी ३८ अंशांवर न्यायला सुमारे २१ युनिट वीज लागते. तीन किलोवॉटचा हीटर असेल तर सात तास. पण टब रोज रिकामा करून भरत नाहीत, त्यामुळे हे २१ युनिट क्वचित खर्च होतात. रोजचं बिल ठरतं ते गळणाऱ्या उष्णतेवर, आणि ती सगळ्यात जास्त गळते वरून, वाफेच्या रूपाने.

एक लिटर पाणी वाफ होऊन गेलं की उरलेल्या हजार लिटरचं तापमान अर्ध्या अंशाहून थोडं जास्त उतरतं. थंड, कोरड्या रात्री ३८ अंशांच्या उघड्या पाण्यातून आपल्या मापाच्या टबात तासाला सव्वा लिटरच्या आसपास पाणी उडतं. त्यात वाऱ्याने आणि मोकळ्या आकाशाकडे जाणारी उष्णता मिळवा. भिंती कितीही जाड असल्या तरी सकाळपर्यंत पाणी ३१-३२ वर आलेलं असेल. आजीच्या बंबाला झाकण का असायचं आणि ते उघडं टाकलं की तिचा आवाज का चढायचा, ते इथे कळतं.

म्हणून झाकणावर पैसे सोडा. ७५ ते १०० मिलिमीटर जाडीचं पफ पॅनेल यासाठी उत्तम. शीतगृहं आणि पत्र्याच्या शेडसाठी हे पॅनेल वापरतात, त्यांचे उरलेले तुकडे ठेकेदारांकडे मिळतात. पॅनेलच्या कापलेल्या कडा उघड्या ठेवू नका. वाफ तिथून आत शिरते, फोम ओला होतो आणि दोन हिवाळ्यांत झाकण दुप्पट जड होतं. वजन वाढलं की समजावं, त्याचा गुण संपला. कडा अॅल्युमिनियमच्या पट्टीने किंवा जाड ताडपत्रीने बंद करून घ्या. दोन फळ्यांचं झाकण उचलायला सोपं, पण मधल्या सांध्याला रबरी पट्टी हवीच. दरवाजाला लावतात ती चालते. शिवाय पाण्यावर तरंगणारी बुडबुड्यांची प्लास्टिक शीट टाकली तर वाफ मुळातच कमी होते. झाकणाला कडी-कुलूप लावा. घरात लहान मूल असेल किंवा शेजाऱ्यांचं येत असेल, तर कुलपाशिवाय टबात पाणी भरूच नये. ७० सेंटिमीटर पाणी लहान मुलाला बुडायला पुष्कळ आहे.

भिंतींचा क्रमांक दुसरा. पातळ फायबरचा टब नुसता ठेवला तर त्याच्या भिंतींतून दिवसाकाठी दहा-बारा युनिट सहज जातात. बाहेरून ५० मिलिमीटर थर्माकोल चिकटवलं की तेच नुकसान एका युनिटवर येतं. एवढ्या लवकर पैसे परत करणाऱ्या वस्तू घरात थोड्याच. मात्र थर्माकोलला उंदीर पोखरतात, लाल मुंग्या त्यात घर करतात आणि उन्हाने ते भुगा होऊन झडतं. त्यावर कोंबडी जाळी ठोकून गिलावा करा किंवा बाहेरून पत्रा लावा. ग्लासवूल इथे नको. एकदा भिजलं की ते ओल्या गोधडीसारखं लटकतं, उष्णता धरत नाही.

सिमेंटचा हौद बांधणार असाल तर थरांचा क्रम बिघडू देऊ नका. आत फरशी आणि वॉटरप्रूफिंग, मग हौदाची भिंत, तिच्या बाहेर उष्णतारोधक थर आणि सगळ्यात बाहेर गिलावा. गवंडी थर्माकोल आतून लावायला सुचवतात, कारण ते सोपं. पण आतला थर कधी ना कधी पाणी पितो आणि फरश्या सुटतात. तळाखाली साधं पॅकिंगचं थर्माकोल दबून बसतं. तिथे एक्सपीएसचे घट्ट बोर्ड टाका.

जागा ठरवण्याआधी एक आकडा लक्षात ठेवा. राहत्या घराचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला २०० किलो वापरभार धरून आखतात. ७० सेंटिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला ७०० किलो, शिवाय टब आणि माणसं वेगळी. गच्चीवर टब ठेवायचा हट्ट असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला नकाशा दाखवा. बांधणाऱ्या ठेकेदाराचं ‘काही होत नाही’ पुरेसं नाही. जमिनीवर, घराच्या पूर्वेला किंवा दक्षिणेला, वारा अडेल अशा भिंतीच्या आडोशाला टब असावा. सखल भागात राहत असाल तर २०२२ च्या जुलैत गोदावरीचं पाणी शहरात कुठवर चढलं होतं ते आठवा, आणि पंप, हीटर, स्विचबोर्ड त्याच्या वर घ्या. कोळशाच्या पट्ट्यातली बारीक काळी धूळ दोरीवरच्या कपड्यांना सोडत नाही, तिथे उघड्या पाण्याचं काय होईल ते सांगायला नको. झाकणाचं हे दुसरं कारण.

विजेच्या बाबतीत मी कडक आहे. इमर्शन रॉडने टब तापवायचा विचारही करू नका. दीड किलोवॉटच्या रॉडला हजार लिटरसाठी चौदा तास लागतात, आणि चौदा तासांत घरातलं कुणीतरी पाणी तापलं का बघायला हात घालणारच. हीटर टबाबाहेर, वेगळ्या नळकांड्यात असावा. पंपाने पाणी त्यातून फिरावं, थर्मोस्टॅट ४० च्या वर जाऊ देऊ नये. या जोडणीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) स्वतंत्र हवा आणि अर्थिंग खरोखरीचं हवं. उन्हाळ्यात आपल्याकडची जमीन कोरडी ठणठणीत होते, तेव्हा खड्ड्यात पाणी घालून अर्थिंग मोजून घ्या. बंद न्हाणीघरात टब असेल तर तिथे कोळशाची शेगडी किंवा गॅस गीझर अजिबात नको. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि गरम पाण्यात पेंगुळलेल्या माणसाला तो कळतही नाही.

पंप जिथून पाणी ओढतो त्या तोंडाची कथा अमेरिकेत कायद्यापर्यंत गेली. २००२ साली व्हर्जिनिया ग्रेम बेकर ही सात वर्षांची मुलगी टबाच्या शोषतोंडाला खेचली जाऊन बुडाली. पुढे २००७ मध्ये तिच्या नावाने सुरक्षित झाकण्यांचा कायदा झाला. आपल्याकडे हौदाला एकच पाइप काढून त्यावर न्हाणीची सपाट जाळी बसवतात. दोन तोंडं एकमेकांपासून दूर काढा, म्हणजे एक बुजलं तरी दुसरं ओढत राहील. त्यांवर फुगीर जाळी बसवा. लांब केस वर बांधूनच पाण्यात उतरा.

आता बिल. झाकण चांगलं, भिंती झाकलेल्या, रोज अर्धा तास वापर आणि पंप धरून हिवाळ्यात दिवसाला तीन ते पाच युनिट लागतील, म्हणजे महिन्याला ९० ते १५०. जयपूरचं १२०० मेगावॉटचं सिंगरेणी वीज केंद्र आपल्याच जिल्ह्यात असलं तरी मीटर कुणाला ओळख दाखवत नाही. गृहज्योती योजनेत २०० युनिटांपर्यंत शून्य बिल येणाऱ्या घरांनी तर हा हिशोब दोनदा करावा. २०० ची रेघ ओलांडली की शून्य बिल गेलं.

‘कायम तापवून ठेवू की लागेल तेव्हा तापवू?’ हा प्रश्न हमखास येतो. रोज बसणार असाल तर ठेवा. झाकण नीट असेल तर फरक थोडा. फक्त रविवारी बसणार असाल तर सोमवारी हीटर बंद करा आणि शनिवारी रात्री चालू करा. गार झालेल्या पाण्यातून उष्णता जायला जागाच उरत नाही.

माझं मत विचाराल तर मंचेरियलसाठी हजार लिटर जास्तच आहे. इथे अशा टबाची खरी गरज नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी, फार तर तीन महिने. ते दिवस बहुधा लखलखीत उन्हाचे असतात. गच्चीवर २०० लिटरचा सौर बंब असेल आणि तो पाणी ६० अंशांवर नेत असेल, तर त्यात तेवढंच २० अंशांचं पाणी मिसळून ४० अंशांचं ४०० लिटर मिळतं. एका माणसाच्या खोल, अरुंद टबाला एवढं पुरतं, विजेचा खर्च शून्य. जपानी फुरो याच जातीचा: अंग बाहेर धुवायचं, मग स्वच्छ होऊन नुसतं बुडायचं, उठल्यावर लाकडी झाकण लावायचं. तेच पाणी घरातले सगळे पाळीपाळीने वापरतात. रोज ताजं पाणी घेतलं तर क्लोरीनची कटकटही उरत नाही. उरलेलं कोमट पाणी कपडे भिजवायला, फरशी पुसायला, संडासात ओतायला कामी येतं. मिशन भगीरथ या नळपाणी योजनेत गावातल्या माणसामागे दिवसाला १०० लिटरचा हिशोब धरलेला आहे. त्या मापाने हजार लिटरचा टब म्हणजे एका माणसाचं दहा दिवसांचं पाणी, हेही डोक्यात असू द्यावं.

बोअरचं पाणी वापरणार असाल तर त्याची तपासणी आधी. पाण्याचा कठीणपणा लिटरला ३०० मिलिग्रॅम निघाला, तर हजार लिटरच्या टबात ३०० ग्रॅम क्षार विरघळलेले आहेत, आणि त्यांना हीटरच्या तापलेल्या कॉइलवर बसायला फार आवडतं. सपाट पॅनेलच्या सौर बंबातल्या तांब्याच्या बारीक नळ्या अशा पाण्याने तुंबतात. काचेच्या नळ्यांचा बंब जास्त सोसतो. जमेल तिथे भगीरथाचं नळाचं पाणीच टबाला द्या. कॉइलवरचा पांढरा थर काढताना ती सोडवून बाहेर आणा आणि बादलीतल्या लिंबूसत्वाच्या पाण्यात भिजत घाला. टबात अॅसिड ओतू नका. क्लोरीनच्या पाण्यात अॅसिड पडलं की विषारी वायू निघतो. बाथरूम साफ करायचं अॅसिड आणि ब्लीचिंग पावडर शेजारी-शेजारीसुद्धा ठेवू नयेत.

पाणी साठवून वापरणाऱ्यांनी पुढचा भाग नीट वाचावा. २५ ते ४५ अंशांचं पाणी लेजिओनेला नावाच्या जंतूला मानवतं, आणि टबाचं तापमान नेमकं त्यातच येतं. हा जंतू पोटातून जात नाही. तुषारांवाटे फुप्फुसात जातो. १९९९ मध्ये नेदरलँड्समध्ये बोव्हेनकार्स्पेलच्या पुष्पप्रदर्शनात नमुन्यादाखल एक टब चालू ठेवला होता. त्यात कुणी बसलं नव्हतं, माणसं नुसती जवळून गेली होती. निदान ३२ जण दगावले.

तेव्हा पाण्यात मोकळं क्लोरीन लिटरला निदान ३ मिलिग्रॅम आणि पीएच ७ ते ७.८ यांच्यामध्ये ठेवा. जलतरण तलावाच्या सामानाच्या दुकानात रंग बदलणाऱ्या पट्ट्या मिळतात; वापर असेल त्या प्रत्येक दिवशी एक बुडवून बघा. हजार लिटरला ३ मिलिग्रॅमची पातळी गाठायला ताजी ब्लीचिंग पावडर साधारण १० ग्रॅम लागते. पण ती चुना सोडते, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात डब्यातल्या डब्यात तिचा दम जातो. सोडियम डायक्लोरचे दाणे निम्म्या वजनात तेच काम करतात. गरम पाण्यात क्लोरीन लवकर उडतं, म्हणून आठवड्याला एकदाच ‘बघून घेऊ’ चालत नाही. तुरटी फिरवली की पाणी नितळ दिसतं, निर्जंतुक होत नाही.

पाणी कधी बदलायचं यासाठी मी एक ढोबळ गणित वापरतो. टबातल्या लिटरांना ११ ने भागा आणि आलेल्या संख्येला रोज बसणाऱ्या माणसांच्या संख्येने. हजार लिटर आणि दोन माणसं, तर सुमारे ४५ दिवस. काढलेलं पाणी दोन-तीन दिवस उन्हात राहू द्या, क्लोरीन उतरलं की झाडांना घाला.

सगळ्यात मोठा घात दिवाळीत होतो. नरक चतुर्दशीच्या पहाटे तेल चोपडून, उटणं लावून सगळं घर टबात उतरलं की एका सकाळीत फिल्टर बसतो, पाण्यावर तवंग येतो आणि काठावर चिकट तपकिरी रेघ उमटते. तेलामुळे क्लोरीनही खर्ची पडतं. अभ्यंग न्हाणीघरात उरका, साबणाने अंग स्वच्छ करा, मगच टबात या. फिल्टरची काडतुसं दोन ठेवा. एक वापरात, दुसरं धुऊन वाळत.

बसण्याचे नियम थोडे आहेत. पाणी ४० अंशांच्या वर नको, बैठक पंधरा-वीस मिनिटांची. रक्तदाबाची किंवा हृदयाची औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. गरोदर बाईने या पाण्यापासून लांब राहावं, पाच वर्षांखालच्या मुलानेही. मधुमेहामुळे पायाची संवेदना गेलेल्या माणसाला पाणी पोळतंय हेच कळत नाही; त्याच्यासाठी घरातल्या दुसऱ्या कुणी कोपर बुडवून बघावं, बाळाच्या अंघोळीला बघतात तसं. उठताना आधी काठावर बसा. गरम पाण्यातून ताडकन उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, म्हणून कठडा हवाच. पिऊन टबात बसणं हा सिनेमातला प्रकार सिनेमातच असू द्या.

मार्च उजाडला की टब रिकामा करा, पाइपातलं पाणी फुंकून काढा, आतून कोरडा पुसा. झाकण लावा, पण एका कोपऱ्याला फट ठेवून तिला डासांची जाळी लावा, नाहीतर आत बुरशी येते. पावसाळ्यात झाकणावर साचलेलं पाणी दर आठवड्याला झटका. डेंग्यूच्या डासाला तेवढं पुरतं. उन्हाळ्यात टब गार पाण्यासाठी वापरायचा असेल तर तोच थर्माकोल उलटं काम करतो. पहाटे चारला भरलेलं पाणी झाकणाखाली दुपारपर्यंत बरंच गार राहतं. मावशींनी शेवटी यासाठीच टब घेतला.

नवा टब चालू केल्यावर पहिल्याच थंड रात्री एक परीक्षा करा. रात्री नऊला पाणी ३८ वर आणा, हीटर-पंप बंद करा, झाकण लावा. सकाळी सहाला तापमान मोजा. हजार लिटरमध्ये एक अंश उतरला म्हणजे सव्वा युनिटच्या जवळपास वीज हवेत गेली. अंशभराने उतरलं तर उत्तम, दोनपर्यंत ठीक. तीनच्या वर गेलं तर झाकण उघडण्याआधी विजेरी घेऊन त्याच्या अंगाकडे बघा. डिसेंबरात सगळ्या झाकणावर दव धरलेलं असतं. जिथे पट्टीभर जागा कोरडी दिसेल, तिथून रात्रभर ऊब वर जात होती. खडूने खूण करा आणि रबरी पट्टी तिथे चिकटवा.